मधलं नाव

चिमीच्या पहिल्या आधार कार्डावर पत्त्याच्या सुरुवातीला एक शब्द होता: 'द्वारा'. द्वारा, आणि पुढे माझ्या नवऱ्याचं नाव. वर तिच्या स्वतःच्या नावात मात्र मधे दाजींचं नाव. म्हणजे नावात एक पुरुष आणि पत्त्यात दुसरा. तेव्हा मला त्यात काही खुपलं नव्हतं. कार्ड निघालं, शाळेच्या फॉर्मला जोडता आलं, याचंच बरं वाटलं होतं.

चिमी हे घरचं नाव. खरं नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

माझी आक्का 2011 च्या सप्टेंबरमध्ये डेंग्यूने गेली. ताप आल्यापासून सहाव्या दिवशी. चिमी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. दाजी गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या भागात ज्यांचं कुणी राहतं त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. कोरडवाहू रान, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे तिकडच्या कित्येक पिढ्या घर सोडून देशभरातल्या सराफ पेठांत गेल्या. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून सोनं-चांदी वेगळं काढायचं, शुद्ध करून द्यायचं. दाजी कोईमतूरला होते. एका खोलीत चार माणसं, खालीच भट्टी, तेजाबाचा धूर. तिथे दोन वर्षांचं पोर नेणार कसं?

तेराव्याला पानं वाढायच्या आधी ओसरीवर ठरलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. आक्काच्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता, माझी आई स्वतःच अंथरुणाला खिळलेली. मी म्हणाले, मी नेते कराडला. कुणीतरी मागून म्हणालं, "माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते खोटं नाही." म्हणणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच होता. पण माझ्या बहिणीचं तेरावं होतं आणि तिचं मरण त्या म्हणीत इतकं सहज बसलं, याचा मला वर्षानुवर्षं राग होता. ती म्हण मी आजही तोंडातून काढत नाही.

'वाढवायला आणली' असा शब्द आमच्याकडे आहे. किती दिवसांसाठी, हे त्यात कुणी विचारत नाही. आमची मोठी तेव्हा चार वर्षांची होती. एका ताटात दोघी जेवायच्या, एका गोधडीत झोपायच्या. दाजी दिवाळीला आणि गावच्या जत्रेला यायचे, येताना दोघींना सारखे फ्रॉक आणायचे. 2014 मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. तिकडे त्यांना दोन मुलं झाली. येणं कमी झालं, महिन्याला फोन राहिला. मी त्यांना दोष देत नाही. पस्तिशीच्या माणसाने परक्या मुलखात एकट्याने आयुष्य काढावं असं म्हणायचा मला काय अधिकार?

लोक माझं कौतुक करायचे. "अगदी लेकीसारखी वाढवलीस हो!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातला 'सारखी' मला पुढे पुढे ऐकूही येईनासा झाला होता. चिमीला येत होता. सहा वर्षांची असताना तिने मला विचारलं, "दीदी तुझी लेक आणि मी लेकीसारखी ना?" मी तिला जवळ घेतलं, बोलण्यावारी नेलं. उत्तर दिलं नाही.

2017 च्या मे महिन्यात ती सायकलवरून पडली आणि कोपराजवळचं हाड मोडलं. तारा घालाव्या लागणार होत्या. संमतीच्या फॉर्मवर मी सही केली आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मावशी असं लिहिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आईवडिलांपैकी कुणाला तरी बोलवा, सही त्यांची लागेल." पोर बाजूलाच स्ट्रेचरवर. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, त्याच्या ते ध्यानात येत नव्हतं. शेवटी चिमीच बोलली. वेदनेने ओठ पांढरे पडले होते, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई नाहीये. हीच सही करते सगळीकडे."

ऑपरेशन झालं, हात नीट बसला. बिल कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसलं नाही, कारण पत्नी आणि अपत्ये यांच्यात भाची मोडत नाही. पैशाचं काही नाही, ते आम्ही भरले. पण त्या रात्री तिच्या उशाशी बसून मी पहिल्यांदा हिशोब मांडला. उद्या आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं, तर ही मुलगी या घरात कोण? आमच्या घरावर हिचा काय हक्क? आणि उद्या तिकडून कुणी येऊन म्हणालं की आमची पोर परत द्या, तर मी कुठला कागद पुढे करणार? सहा वर्षं मी तिचे केस विंचरले होते. पण माझ्याकडे दाखवायला एक चिठोरंही नव्हतं.

वकीलबाईंकडे जाताना माझ्या डोक्यात दत्तक म्हणजे एकच गोष्ट होती: रजिस्टर ऑफिस, दत्तकपत्र, दोन साक्षीदार. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला स्वतःचं अपत्य आहे का? मुलगा की मुलगी?" मुलगी, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू, पणतू नसावा लागतो. आणि मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी लागते. म्हणजे आम्हाला एक मुलगी होती हाच आमचा अडसर. मला ते पटायला वेळ लागला. मग लक्षात आलं की हा कायदा ज्या घरासाठी लिहिला त्या घरात काहीतरी कमी आहे असं धरलं होतं. पिंड द्यायला, वतन चालवायला, नाव पुढे न्यायला कुणीतरी हवं होतं. आमच्या घरात काही कमी नव्हतं. एक मूल जास्त होतं आणि त्याला जागा हवी होती.

मग पालकत्व? त्यासाठी 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे. मला हा मार्ग सुरुवातीला आवडला होता, कारण त्यात तिचं नाव, तिचे आईवडील जिथल्या तिथे राहतात. पण वकीलबाईंनी त्यातली मेख सांगितली. वडील हयात असतील आणि न्यायालयाला ते अपात्र वाटत नसतील, तर दुसऱ्या कुणाला मुलाचं पालक नेमता येत नाही. म्हणजे आम्हाला अर्जात लिहावं लागलं असतं की हा बाप नालायक आहे. दाजींबद्दल असं लिहायचं? तेजाबाने बोटं काळी पडलेला तो माणूस दर दिवाळीला दोघींना सारखे फ्रॉक आणायचा. माझ्या नवऱ्याने तिथल्या तिथे सांगितलं, हे आमच्याच्याने होणार नाही. शिवाय ते पालकत्व अठराव्या वर्षी संपतं. पुढे पुन्हा भाची ती भाचीच.

राहिला तिसरा रस्ता. 2015 च्या बाल न्याय कायद्यात नातेवाइकाचं मूल नातेवाइकाने दत्तक घेण्याची सोय आहे. तिथे धर्म आडवा येत नाही, आणि घरात मुलगी आहे म्हणून मुलगी नाकारली जात नाही. 'नातेवाईक' कुणाला म्हणायचं तेही त्यात लिहिलं आहे: काका-आत्या, मामा-मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. कायद्याच्या कलमात आपलं नातं सापडल्यावर असा धीर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. (सख्खा मोठा भाऊ किंवा बहीण मात्र त्या यादीत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली भावंडं आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना यातून का वगळलं ते मला अजून उमगलेलं नाही.)

त्यासाठी जन्मदात्यांची संमती लागते, आणि मूल पाच वर्षांच्या वर असेल तर मुलाचीही. पहिली मिळवायला आम्ही विट्याकडच्या त्या गावी गेलो. दाजी कोईमतूरहून आले होते. त्यांनी कागद वाचला नाही, फक्त विचारलं, "मला भेटता येईल ना?" मी म्हटलं, तुमचं घर आहे, कधीही या. मग सही केली आणि उठून मागच्या दारी गेले, बराच वेळ आले नाहीत. खरी अडचण आक्काच्या सासूबाईंची होती. त्यांचा समज झाला होता की जमिनीच्या वाटणीवरून काहीतरी शिजतंय. कुणीतरी भरवलंही असेल. त्या म्हणाल्या, "आमची पोर तुझ्याकडं राहिली तर आम्ही कधी काय म्हणालो का? मग कागूद कशाला? कागदानं काय माया वाढती का?"

हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि सात वर्षं मी कागद केला नव्हता तो याच प्रश्नामुळे. मला वाटायचं, कागद मागणं म्हणजे आजवर जे केलं त्याची पावती मागणं. त्या दिवशी मी सासूबाईंना एवढंच सांगितलं की मायेसाठी नाही, ऑपरेशनच्या वेळी सही करता यावी म्हणून. त्यांनी चिमीचा हात ओढून कोपरावरची खूण पाहिली. मग आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आक्काच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लसीकरणाचं कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावर 'आईचे नाव' या ओळीत नर्सच्या अक्षरात आक्काचं नाव, आणि मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने आक्काच्या हातचं: 'गोवर. रात्री ताप. अर्धा चमचा औषध. सकाळी खेळली.' सकाळी खेळली, याखाली तिने रेघ मारली होती.

निघताना सासूबाईंनी चिमीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मग तिला उठवून माझ्या मांडीवर बसायला सांगितलं. नऊ वर्षांची लांब पायांची पोर, लाजून हसत होती. त्या कायद्याला या विधीची गरज नव्हती. त्यांना होती. मुलगी नुसती राहायला गेली नाही, आपण आपल्या हाताने मांडीवर दिली, हे त्यांना स्वतःला सांगायचं होतं.

आपल्याकडच्या दत्तकांच्या कहाण्या आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यातल्या बहुतेक भाऊबंदांच्या मुलांच्याच आहेत. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले ते शाहू महाराज म्हणून. झाशीला 1853 च्या नोव्हेंबरात मरणपंथाला लागलेल्या गंगाधररावांनी नात्यातला आनंदराव मांडीवर घेतला आणि त्याचं नाव ठेवलं दामोदर. त्यांचा स्वतःचा तान्हेपणी गेलेला मुलगा दामोदर होता, त्याचं नाव. शाळेत हे सगळं संस्थान खालसा होण्याच्या धड्यात वाचलं होतं. चिमीचे कागद करताना मला सारखं वाटायचं, त्या आनंदरावाला पहिल्यांदा 'दामोदर' अशी हाक मारली तेव्हा त्याने वळून पाहिलं असेल का?

चिमीचं नाव बदलणार नव्हतं. मधलं नाव बदलणार होतं, आणि आडनाव. न्यायालयात जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "पप्पांचं नाव काढलं तर पप्पांना कळेल?" मी म्हटलं, त्यांनीच सही केलीय. मग तिने रफ वहीचं शेवटचं पान उघडलं. वर जुनं पूर्ण नाव लिहिलं, खाली नवं. दोन्हीतली अक्षरं मोजली. "एक अक्षर कमी झालं," म्हणाली आणि वही मिटली. एवढंच. पण रात्री उशिरा मी पाहिलं तर दिवा लावून ती ते दुसरं नाव पुन्हा पुन्हा लिहीत होती. शुद्धलेखनासारखं, ओळीने.

अशी प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यामुळे खोलीत मोजकीच माणसं होती. न्यायाधीशांनी तिला पुढे बोलावलं.

"तू यांना काय म्हणतेस?"

"मावशी."

"आता आई म्हणणार का?"

"नाही. आई आई होती. ही मावशी आहे."

वकीलबाईंनी श्वास रोखलेला मला दिसला. न्यायाधीश काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "बरं. मग यांच्याकडे राहायचंय ना?"

"राहतेच की."

2019 च्या मार्चमध्ये आदेश झाला. त्यानंतरची धावपळ मी सांगत बसत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, रेशनकार्ड, प्रत्येक ठिकाणी आदेशाची प्रमाणित प्रत. मेडिक्लेममध्ये नाव चढलं. आधारवरच्या 'द्वारा'पुढे आता तेच नाव होतं जे तिच्या नावात मधे होतं.

पण नवा जन्मदाखला हातात आला त्या दिवसाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर उभी राहून मी तो वाचला. जन्मतारीख तीच. जन्मस्थळ विटा. वडिलांचे नाव, माझ्या नवऱ्याचं. आईचे नाव, माझं. चिमी जन्मली त्या दिवशी विट्यात मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते, हातात आक्काच्या जेवणाचा डबा होता. आत आक्का होती. ओरडत होती, मला नावाने हाक मारत होती. या कागदाने मला आत नेऊन झोपवलं होतं आणि आक्काला तिथून उठवलं होतं. कायदा मला माहीत होता. दत्तकानंतर मूल सर्व अर्थाने घेणाऱ्यांचं होतं आणि जन्मदात्यांशी कायद्याचं नातं तुटतं, हे वकीलबाईंनी दोनदा समजावलं होतं. तरीही मी त्या पायऱ्यांवर बसून रडले. माझ्या बहिणीने एकच मूल जन्माला घातलं, आणि आता सरकारदरबारी ती निपुत्रिक झाली. ते माझ्या सहीने झालं.

हे लिहूनही मी म्हणेन की कागद करा. आमच्या भागात दर चार घरांआड असं एक मूल दिसतं. भावाचं, बहिणीचं, गेलेल्या लेकीचं. 'घरचंच आहे' म्हणून कुणी काही करत नाही. 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर अशी मुलं किती वाढली ते मी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. बालसंगोपन योजनेत तेव्हा महिना 1,100 मिळायचे, 2023 पासून 2,250 झाले. ही मदत जरूर घ्यावी, तिचा आधार मोठा आहे. पण बालसंगोपनाने तुम्ही आई होत नाही, मूल तुमचं वारसही ठरत नाही. आणि देणारा माणूस हयात आहे, बोलण्यात आहे, सही करायला तयार आहे, तोवरच हे सोपं असतं. दाजींचा फोन नंबर लागत होता म्हणून आमचं झालं. माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण मुस्लिम आहे, ती दिराचा मुलगा सांभाळते. त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात दत्तक नाही, म्हणून तिने विषय सोडून दिला होता. 2014 च्या शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. ते तिला माहीतच नव्हतं. आमच्या वेळी आदेश न्यायालयाचा होता. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन 1 सप्टेंबर 2022 पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. तेव्हा ज्यांना करायचं आहे त्यांनी आधी आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारावं. ऐकीव माहितीवर रजिस्टर ऑफिस गाठू नये. आमच्यासारखी घरात मुलगी असताना मुलीचं दत्तकपत्र केलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांचा कागद उद्या कुणी आव्हान दिलं तर टिकणार नाही, आणि त्यांना ते सांगण्याचा धीर मला झालेला नाही.

लसीकरणाचं ते कार्ड मी दत्तकाच्या फाइलीत ठेवलं होतं. एके दिवशी ते तिथे नव्हतं. चिमीने काढून आपल्या कपाटात, कपड्यांखाली ठेवलंय, हे मला मागाहून कळलं. मी विचारलं नाही.

राज्य सरकारने नियम केला की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागेल, आधी आईचं, मग वडिलांचं. तेव्हा ती नववीतून दहावीत जात होती. पेपर वाचता वाचता म्हणाली, "मग माझ्यात कुणाचं लागलं असतं?"

मी म्हटलं, "कागदावर माझं."

तिने थोडा विचार केला. "दोन्ही मावली नसती का?"

2025 मध्ये ती दहावी झाली. गुणपत्रकावर आईचं नाव माझं आहे. अकरावीचा प्रवेश त्या वर्षी राज्यभर ऑनलाइन झाला आणि फॉर्म भरायला तिने मला जवळ येऊ दिलं नाही, सगळं मी करते म्हणाली. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. की-बोर्डचा आवाज येत होता. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. ती मोठ्याने वाचत भरत होती, आणि माझ्या नावापाशी न अडखळता पुढे गेली.

मग आतून हाक आली, "मावशी, तुझ्या मोबाईलवर ओटीपी आलाय बघ!"

हात पुसून मी मोबाईल शोधायला उठले.